वाहत्या पाण्याचें गणित

आपल्या राजोडीस पाणी हा केवळ पुस्तकांतील विषय नव्हे. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणेचें मुख, दक्षिणेस वसईची खाडी आणि पूर्वेस तुंगारेश्वराच्या डोंगरावरून पावसाळ्यांत खालीं येणारे ओढे, अशा चौकटींत आपला सारा परिसर वसलेला आहे. भरती कोणत्या वेळीं येईल व किती चढेल हें भरतीच्या कोष्टकांत कित्येक महिने आधीं छापलेलें असतें. परंतु त्याच भरतीचें पाणी नाल्याच्या तोंडाशीं कसें वळेल, कोठें भोवरा धरील आणि कोठें गाळ टाकील, हें त्या कोष्टकांत सांपडत नाहीं. असें कां व्हावें? चंद्रसूर्यांच्या ओढीचें गणित मनुष्यास साधलें, मग पायांपुढील नाल्याचें कां साधूं नये? या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां गणितशास्त्राची एक मोठी शाखा वाढीस लागली. तिची ओळख वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस समजेल अशा भाषेंत करून देणें, आणि तिचा आपल्या घरादाराशीं काय संबंध आहे तें पालकांच्या नजरेस आणणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पाण्याचा पहिला स्वभाव

सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें बंद करून दांडा दाबला तर आंतील हवा आकसते. त्याच पंपांत पाणी भरून पाहावें. दांडा जागचा हलत नाहीं. पाणी मुळींच आकसत नाहीं असें नव्हे. पण वातावरणाचा जेवढा दाब आपणां सर्वांवर नेहमीं असतो, तेवढाच आणखी दाब पाण्यावर घातला, तर त्याचें आकारमान वीस हजारांत एक भाग इतकेंहि कमी होत नाहीं. म्हणून वाहत्या पाण्याचें गणित करतांना शास्त्रज्ञ त्यास असंपीड्य, म्हणजे न दाबलें जाणारें, असें मानतात.

हा स्वभाव दिसावयास साधा, पण त्याचे परिणाम कठोर आहेत. एखाद्या जागेंत जेवढें पाणी आलें तेवढें बाहेर गेलें पाहिजे, नाहीं तर तेथील पातळी चढली पाहिजे. तिसरा मार्ग नाहीं. बागेंतील नळीच्या तोंडावर आंगठा ठेवला असतां धार दूर जाते, याचें कारण हेंच. वाट अरुंद झाली तरी मागून येणारें पाणी थांबत नाहीं, म्हणून तें वेगानें निसटतें.

हें अंकांत पाहूं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा पाऊस एक हेक्टर जमिनीवर पडला तर त्याचें पाणी ९४ लाख ४० हजार लिटर होतें. आतां दोन मीटर रुंद व अर्धा मीटर खोल वाहणारा एक नाला घ्या, आणि तो सेकंदास सुमारें ४२५ लिटर पाणी नेतो असें समजा. एका हेक्टरावरील तें पाणी वाहून नेण्यास त्यास सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. एक चौरस किलोमीटर, म्हणजे शंभर हेक्टर, भूमीचें पाणी त्या एकाच नाल्यावर सोंपविलें, आणि जमिनींत मुरणारें पाणी हिशेबांत धरलें नाहीं, तर सव्वीस दिवस लागतील. शिवाय भरतीच्या वेळीं नाल्याचें तोंड दिवसांतून दोनदां कोंडलें जातें तें निराळेंच.

दुसरा स्वभाव : खळबळ

एवढ्या बेरीज-वजाबाकीनें काम भागतें तर विषय येथेंच संपता. परंतु पाणी नेहमीं सरळ वाहत नाहीं. १८८३ मध्यें इंग्लंडांतील मँचेस्टर येथील प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स यांनीं एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. कांचेच्या लांब नळींतून पाणी सोडून त्यांनीं तिच्या तोंडाशीं रंगाची बारीक धार सोडली. पाणी हळू वाहत असतां ती रंगाची रेघ दोऱ्यासारखी नळीच्या टोंकापर्यंत सरळ गेली. वेग वाढवितां वाढवितां एका मर्यादेस ती रेघ थरथरली, तुटली, आणि सारी नळी रंगानें गढूळ झाली. पहिल्या प्रकारास स्तरीय प्रवाह व दुसऱ्यास क्षुब्ध प्रवाह असें आपण म्हणूं.

कोणता प्रवाह कोणत्या वर्गांत पडेल तें सांगणाऱ्या अंकास रेनल्ड्स यांचेंच नांव मिळालें आहे. पाण्यापुरता त्याचा स्थूल नियम असा : वेग मीटर-सेकंदांत घ्यावा, त्यास नळीच्या रुंदीनें अथवा प्रवाहाच्या खोलीनें मीटरांत गुणावें, आणि आलेल्या संख्येस दहा लाखांनीं गुणावें. नळीच्या बाबतींत हा अंक सुमारें दोन हजारांच्या खालीं असेल तर प्रवाह संथ राहतो. बराच वर गेला तर क्षुब्ध होतो. दोन सेंटिमीटर रुंदीच्या नळींतून पाणी सेकंदास पांच सेंटिमीटर वेगानें गेलें तर अंक एक हजार येतो; सेकंदास एक मीटर वेगानें गेलें तर वीस हजार येतो. आतां पांच मीटर खोल खाडींतून सेकंदास एक मीटर वेगानें ओहोटी जात असेल तर तो अंक पन्नास लाख येतो. तात्पर्य, आपल्या भोंवतालचें बहुतेक वाहतें पाणी क्षुब्ध आहे. पुलाच्या खांबामागें मोठा भोवरा, त्याच्या पोटांत लहान भोवरे, त्यांच्या पोटांत त्याहून लहान, अशी ती परंपरा चालते. आणि शेवटीं अगदीं सूक्ष्म भोवऱ्यांची गति पाण्याच्या चिकटपणांत जिरून उष्णता बनते.

नियम ठाऊक, उत्तर कठीण

या साऱ्या खळबळीचा नियम मनुष्यास ठाऊक नाहीं असें मात्र नव्हे. फ्रान्समधील नाव्हिए यांनीं १८२२ मध्यें आणि इंग्लंडांतील स्टोक्स यांनीं १८४५ मध्यें जीं समीकरणें मांडलीं तींच आजहि वापरलीं जातात. त्यांचा अर्थ न्यूटनच्या नियमाहून वेगळा नाहीं. पाण्याच्या प्रत्येक कणाचा वेग तीन कारणांनीं बदलतो : दोन बाजूंच्या दाबांतील फरक, शेजारच्या पाण्याशीं होणारें घर्षण आणि पृथ्वीचें आकर्षण. अडचण एवढीच कीं, जो वेग शोधावयाचा तोच स्वतःस वाहून नेत असतो. पाणी पुढें सरतांना आपला वेगहि बरोबर घेऊन जातें. त्यामुळें समीकरणांत अज्ञात राशीचा गुणाकार तिच्याशींच होतो, आणि दुप्पट कारणास दुप्पट परिणाम हा सोपा हिशेब लागू पडत नाहीं. हीं समीकरणें नेहमीं सुरळीत उत्तर देतात कीं नाहीं, हा प्रश्न इतका गहन आहे कीं, २००० मध्यें अमेरिकेंतील क्ले गणित संस्थेनें ज्या सात प्रश्नांस प्रत्येकीं दहा लाख डॉलरांचें पारितोषिक लाविलें त्यांत याची गणना केली.

मग खाडीचें उत्तर सूत्रानें मिळत नसेल तर काय करावें? येथें मोजणीदाराची युक्ति उपयोगी पडते.

तुकडे करून मोजणें

वांकड्यातिकड्या बांधाच्या शेताचें क्षेत्रफळ काढण्याचें सूत्र कोणत्याहि भूमितींत नाहीं. तरी मोजणीदार तें काढतो. तो शेताचे त्रिकोण पाडतो, एकेका त्रिकोणाचें क्षेत्रफळ काढतो व त्यांची बेरीज करतो. बांध जेथें अधिक वांकडा तेथें तो लहान त्रिकोण घेतो, सरळ तेथें मोठे. सान्त-घटक पद्धति, जिला इंग्रजींत फायनाइट एलिमेंट मेथड म्हणतात, ती याच युक्तीची थोरली बहीण होय. अखंड पाण्याचे मोजके, म्हणजे सान्त, तुकडे पाडावयाचे. प्रत्येक तुकड्यांत साधा नियम धरावयाचा. आणि शेजारच्या तुकड्यांचें एकमेकांशीं जुळवून घ्यावयाचें.

त्रिकोणांचा असा उपयोग रिचर्ड कूरंट या गणितज्ञांनीं १९४३ मध्यें एका निबंधांत दाखविला होता. १९५६ मध्यें टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप या चौघांनीं विमानाच्या सांगाड्याचें बळ मोजण्यास ती रीत लावली, आणि १९६० मध्यें रे क्लफ यांनीं तिला तिचें आजचें नांव दिलें. पुढें लोखंड व काँक्रीट यांच्यावरून ती पाण्याकडे वळली.

त्रिकोणाच्या कोपऱ्यांस आपण गांठी म्हणूं आणि सर्व त्रिकोण मिळून होणाऱ्या आकृतीस जाळें म्हणूं. प्रत्येक गांठीवर पाण्याची पातळी व वेग हे अज्ञात अंक असतात. त्रिकोणाच्या आंत ते अंक एका कोपऱ्यापासून दुसऱ्याकडे सारख्या उतारानें बदलतात असें धरावयाचें. तीन कोपऱ्यांवरील पातळी २·०, २·३ व २·६ मीटर असेल तर मध्यबिंदूवर ती त्यांची सरासरी, म्हणजे २·३ मीटर, येईल. एकच गांठ अनेक त्रिकोणांत सामाईक असल्यामुळें प्रत्येक त्रिकोण आपल्या शेजाऱ्याशीं बांधला जातो, आणि हजारों गांठींचीं हजारों समीकरणें एकाच वेळीं सोडवावीं लागतात.

तीं कशीं सोडवितात याचा मासला घरच्या घरीं पाहतां येईल. एका बाजूस बावखल आहे, त्याची पातळी ८ फूट; दुसऱ्या बाजूस विहीर आहे, तिची पातळी ४ फूट. दोहोंच्या मध्यें सारख्या जाडीचा वाळूचा थर आहे व त्यांतून पाणी संथपणें झिरपतें. मध्यें सारख्या अंतरावर क, ख, ग अशा तीन गांठी घ्या. अशा संथ झिरपण्यांत प्रत्येक गांठीची पातळी तिच्या दोन शेजाऱ्यांची सरासरी असते. प्रारंभीं तिन्ही ठिकाणीं ४ फूट असा अंदाज धरूं. क ही ८ व ४ यांची सरासरी, म्हणजे ६. ख ही ६ व ४ यांची, म्हणजे ५. ग ही ५ व ४ यांची, म्हणजे साडेचार. पुन्हां तीच फेरी केली तर साडेसहा, साडेपांच व पावणेपांच येतात. तिसऱ्या फेरींत पावणेसात, पावणेसहा व ४·८७५ येतात. खरें उत्तर ७, ६ व ५ आहे, आणि दर फेरीस चूक बरोबर निम्मी होत आहे हें चतुर विद्यार्थ्याच्या ध्यानांत येईलच. संगणक याहून निराळें जादूचें कांहीं करीत नाहीं. तो ही पाटी थकल्याशिवाय कोट्यवधि वेळां पुसून लिहितो.

दाबाचा हट्ट आणि एक पुणेकर

झिरपणाऱ्या पाण्याचें गणित असें सुटलें, पण वाहत्या पाण्यांत दाबाचें कोडें उभें राहतें. वेग कसा बदलतो तें समीकरण सांगतें. दाब कसा बदलतो तें सांगणारें समीकरणच नाहीं. असंपीड्य पाण्यांत दाबाचें काम एकच : कोठेंहि पाणी गळूं नये व सांचूं नये अशा बेतानें सर्वांस ढकलून ठेवणें. मग तो काढावा कसा?

या कोड्यावर जगभर वापरली जाणारी एक रीत १९७२ मध्यें प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते दोघे : लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील प्राध्यापक ब्रायन स्पॉल्डिंग, आणि त्यांच्याच हाताखालीं पदवी मिळविलेले डॉ. सुहास पाटणकर. पाटणकरांचा जन्म १९४१ मध्यें पुण्यास झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत व मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें शिकून ते विलायतेस गेले, व पुढें अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत प्राध्यापक झाले. त्यांच्या रीतीचें नांव 'सिंपल', आणि ती नांवाप्रमाणेंच सांगण्यास सोपी आहे. आधीं दाबाचा अंदाज करावा. त्यावरून वेग काढावे. मग प्रत्येक तुकड्यांत आलेलें व गेलेलें पाणी जुळतें का तें पाहावें. जेथें पाणी सांचल्यासारखें दिसेल तेथें दाब वाढवावा, जेथें कमी पडेल तेथें उतरवावा. आणि जमाखर्च जुळेपर्यंत पुन्हां प्रारंभ करावा. एखादी गृहिणी महिन्याचा हिशेब जुळविते तसेंच हें नव्हे काय?

पाटणकरांचे तुकडे त्रिकोणी घटकांहून थोडे निराळे होते. ते प्रत्येक तुकडा म्हणजे एक पेटी समजून तिचा जमाखर्च ठेवीत. पण एका सापळ्याविषयींचा इशारा दोन्ही रीतींस सारखाच लागू आहे. समजा, एकाआड एक गांठींवर दाब १००, ५००, १००, ५०० असा आला. कोणत्याहि गांठीच्या दोन बाजूंचे दाब पाहिले तर ते सारखेच दिसतात. म्हणून संगणकास वाटतें कीं येथें दाबांत फरक मुळींच नाहीं! बुद्धिबळाच्या पटासारखें हें खोटें उत्तर त्यास खरें भासतें. १९८० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत पाटणकरांनीं हा सापळा स्पष्ट करून दाखविला आहे. सान्त-घटक पद्धतींत त्यावर टेलर व हूड यांनीं १९७३ मध्यें एक उपाय योजिला : दाब केवळ त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर मोजावा, वेग मात्र कोपऱ्यांवर व बाजूंच्या मध्यांवर मिळून सहा ठिकाणीं मोजावा. वेगास अधिक गांठी मिळाल्या म्हणजे तो दाबाच्या खोट्या पटास फसत नाहीं.

जाळ्यांतून निसटणारे भोवरे

आतां सर्वांत कठीण भाग. अर्नाळ्याचा कोळी जाळें टाकतो तेव्हां जाळ्याच्या छिद्राहून लहान मासळी निसटून जाते. गणिताच्या जाळ्याचेंहि तसेंच. त्रिकोणाहून लहान भोवरा त्यांत सांपडत नाहीं. मग छिद्रें बारीक कां करूं नयेत? याचें उत्तर रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनीं १९४१ मध्यें मांडलेल्या विचारांतून मिळतें. पन्नास लाख रेनल्ड्स अंकाच्या प्रवाहांत अगदीं लहान भोवराहि धरावयाचा तर पांच मीटर लांब, रुंद व खोल अशा पाण्याच्या एकाच ठोकळ्यास एकावर पंधरा शून्यें इतक्या गांठी लागतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंत २०२४ मध्यें कार्यान्वित झालेला 'अर्क' हा महासंगणक सेकंदास एकावर सोळा शून्यें याहून किंचित् अधिक क्रिया करण्याच्या शक्तीचा आहे. दर गांठीस एका क्षणाच्या हिशेबाला हजार क्रिया धरल्या, आणि असे लाख क्षण मोजावयाचे ठरविले, तर तो पूर्ण वेगानें चालला तरी त्या एका ठोकळ्यास सुमारें शंभर दिवस लागतील. मग वसईची सारी खाडी कधीं मोजून व्हावयाची?

म्हणून शास्त्रज्ञ निसटलेल्या भोवऱ्यांचा सरासरी परिणाम अंदाजानें धरतात. लहान भोवरे वेगवान पाण्यास मंद पाण्यांत मिसळतात. जणूं पाण्याचा चिकटपणाच वाढला, असें मानावयाचें. ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ बूसिनेस्क यांची, १८७७ ची. हा वाढीव चिकटपणा किती धरावा याचे नियम पुढें अनेकांनीं दिले. स्मागोरिन्स्की यांनीं १९६३ मध्यें तो जाळ्याच्या छिद्राच्या मापावरून ठरविला. लाँडर व स्पॉल्डिंग यांनीं १९७४ मध्यें खळबळींतील शक्ति किती आहे व ती किती त्वरेनें जिरते अशा दोन हिशेबांवरून तो काढला. हे नियम उपयोगी आहेत, पण ते न्यूटनच्या नियमासारखे अढळ नव्हेत. त्यांतील कांहीं अंक प्रयोग करूनच बसवावे लागले आहेत. म्हणून जो अभियंता आपलें उत्तर प्रत्यक्ष मोजलेल्या प्रवाहाशीं ताडून पाहत नाहीं, त्याचें उत्तर कितीहि सुबक रंगांत छापलेलें असलें तरी तें अर्धेंच समजावें.

खडकवासल्याची साक्ष

संगणक येण्यापूर्वीं हीच कामें मातीसिमेंटाच्या प्रतिकृतींवर होत. त्यांचें मोठें केंद्र आपल्याच प्रांतांत आहे. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत् संशोधन शाळेचा उगम १९१६ मध्यें मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांच्या कामांतून झाला. तेथें नद्या, धरणें व बंदरें यांच्या लहान प्रतिकृति बांधून त्यांत पाणी सोडतात व भरती-ओहोटीहि घडवून आणतात.

प्रतिकृतीची एक अडचण मात्र लक्षांत ठेवण्याजोगी आहे. खाडी लहान करतां येते, पाणी लहान करतां येत नाहीं. लांबी, रुंदी व खोली शंभरपट कमी केली तर लाटांचा नियम सांभाळण्यासाठीं वेग दहापट कमी ठेवावा लागतो. पण पाण्याचा चिकटपणा तोच राहतो. म्हणून रेनल्ड्स अंक एकदम हजारपट घटतो. पन्नास लाखांचा पांच हजार होतो, आणि खऱ्या खाडींतील खळबळ प्रतिकृतींत पुरती उतरत नाहीं. यासाठीं आज तेथें प्रतिकृतींच्या जोडीस संगणकाचें गणितहि चालतें. फ्रान्सच्या वीजमंडळाच्या जलशास्त्र प्रयोगशाळेंत तयार झालेली, त्रिकोणांच्या जाळ्यावर चालणारी 'टेलेमॅक' ही प्रणाली अशा कामांत वापरण्यांत आली आहे. खाडी ही खोलीच्या मानानें फार रुंद असल्यामुळें तळापासून वरपर्यंतचा वेग सरासरीनें एकच धरतात, म्हणजे गांठींची संख्या आटोक्यांत राहते. दोन साक्षीदारांची जबानी जुळली म्हणजे न्यायाधीशाचा विश्वास वाढतो. प्रतिकृति व गणित यांचेंहि तसेंच आहे.

आपल्या अंगणांतील प्रश्न

जुलै २०१८ मध्यें वसई-विरार परिसर कित्येक दिवस पाण्याखालीं राहिला आणि नालासोपारा स्थानकाजवळील रुळांवर पाणी चढून आगगाड्या थांबल्या, हें पालकांस सांगावयास नकोच. त्यानंतर महानगरपालिकेनें पुराच्या कारणांचा अभ्यास नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, व मुंबईची आय. आय. टी. यांच्याकडे सोंपविला. मुंबई शहरासाठीं पाऊस, भरती व नाले यांचें गणित एकत्र करून पुराची आगाऊ सूचना देणारी 'आयफ्लोज' ही योजना जून २०२० मध्यें सुरू झाली. सारांश, पाण्याचें गणित आतां केवळ विद्यापीठांत राहिलेलें नाहीं. नाला किती रुंद असावा, मोरी कोठें ठेवावी, भराव कोठें चालेल, हें त्यावरून ठरूं लागलें आहे.

म्हणून या गणितास काय पुरवावें लागतें तें आपण नीट समजून घेतलें पाहिजे. पावसाचें मान लागतें, भरतीची उंची लागते; आणि त्यांच्याइतकीच महत्त्वाची म्हणजे जमिनीची खरी चढउतार, नाल्याचा तळ, त्यांतील गाळ आणि कांठावरील झुडपें लागतात. सान्त-घटक पद्धतीचा मोठा गुण असा कीं, जेथें जरूर तेथें त्रिकोण लहान घेतां येतात. पन्नास मीटरांच्या त्रिकोणांत दोन मीटरांचा नाला दिसेनासा होतो. पण त्या जागीं एक-एक मीटरांचे त्रिकोण घातले तर तो गणितांत उतरतो. मात्र तेथें नाला आहे हें गणितास कोणीतरी सांगावें लागतें! संगणक गांवांत फिरावयास येत नाहीं.

आपल्या वसईंतील बावखलांचेंच उदाहरण घ्या. आपल्या पूर्वजांनीं वाड्यांच्या शिंपण्यासाठीं खणलेल्या या तळ्यांत पावसाचें पाणी सांठतें, तें जमिनींत मुरतें आणि विहिरींचें पाणी गोडें राखण्यास साह्य करितें. कित्येक बावखलें काळाच्या ओघांत बुजलीं वा बुजविलीं गेलीं. जुन्या नकाशांत बावखल आहे व जागेवर नाहीं, अशा स्थितींत नकाशावरून केलेलें गणित तेथें पाणी सांठवील. खरें पाणी मात्र शेजाऱ्याच्या उंबऱ्यांत जाईल. उलट, जें बावखल जिवंत आहे पण नकाशांत नाहीं, त्याचें श्रेय त्यास गणितांत मिळणार नाहीं, आणि तें बुजविलें तर कांहीं बिघडत नाहीं असें खोटें उत्तर निघेल. गणितांत एकहि चूक नसतां उत्तर चुकेल. पाणी असंपीड्य आहे, तें कागदावरून नाहींसें केलें तरी जमिनीवरून नाहींसें होत नाहीं.

यासाठीं पुढें कधीं नाल्याचा अथवा भरावाचा आराखडा लोकांपुढें मांडला जाईल, तेव्हां पालकांनीं चार प्रश्न निःसंकोच विचारावे. जाळ्याचे त्रिकोण आमच्या गांवांत केवढे घेतले? मोजणी कोणत्या वर्षाची? भरती व मोठा पाऊस एकाच वेळीं आले असें धरून पाहिलें काय? आणि २०१८ चें पाणी ज्या ज्या ठिकाणीं चढलें, त्या त्या ठिकाणीं गणितांतहि तें तितकेंच चढतें काय? हे प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाहीं. चांगला अभियंता त्यांचा राग मानणार नाहीं; उलट २०१८ च्या पाण्याची खूण ज्या भिंतीवर आहे ती दाखवा, अशी विनंति तोच तुम्हांस करील. आजोबांच्या स्मरणांतील ओहोळाची वाट आणि आजीनें दाखविलेली पाण्याची रेघ, हीं या शास्त्रांतील मोलाचीं मापें आहेत. तीं आजच लिहून ठेवावीं.

अभ्यास

१. मेणबत्ती विझवून तिचा धूर वारा नसलेल्या खोलींत पाहावा. तो किती उंचीपर्यंत सरळ जातो व कोठें विसकटतो तें मोजावें. दार किलकिलें केल्यानें ती उंची कां बदलते तें लिहावें.

२. दोन टोंकांच्या पातळी १० व २ फूट आणि मध्यें तीन गांठी घेऊन वरील पाटी स्वतः सोडवावी. अंदाज २ फुटांपासून धरावा. चौथ्या फेरीनंतर चूक किती उरते तें सांगावें.

३. पाऊस थांबलेला असतां, दिवसाउजेडीं व घरच्या वडील माणसास बरोबर घेऊनच, नाल्याच्या कांठानें दहा मीटर अंतर मोजावें. वाळलेली नारळाची करवंटी पाण्यांत सोडून तिला तेवढें अंतर जाण्यास किती सेकंद लागतात तें पाहावें. पृष्ठभागावरील पाणी सरासरीहून वेगानें जातें, म्हणून आलेल्या वेगास ०·८५ नें गुणावें. मग रुंदीनें व खोलीनें गुणावें. वीस सेकंद, दोन मीटर व अर्धा मीटर घेतल्यास लेखांतील ४२५ लिटर येतात कीं नाहीं तें पडताळावें. नाला भरून वाहत असतां हा प्रयोग कोणींहि करूं नये.

४. आपल्या घराभोंवतालचा नकाशा काढून त्यांत नाले, मोऱ्या, विहिरी, असलेलीं व बुजलेलीं बावखलें आणि जुलै २०१८ च्या पाण्याची उंची दाखवावी. नकाशावर तारीख घालावी, माहिती देणाऱ्या वडील माणसाची संमति घ्यावी, आणि वही शाळेंत आणावी. सर्व वह्यांवरून गांवाचा एक मोठा नकाशा वर्गांत तयार करतां येईल.